सवाईचे पाच दिवस, आणि रात्रीचे दहा

बुधवार, 18 डिसेंबर 2024

हुतात्मा एक्सप्रेसनं निघालं की सोलापूरकर माणूस दुपारच्या जेवणाच्या आत पुण्यात पोचतो, त्यामुळे सवाईसाठी, म्हणजे पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवासाठी, आमच्याकडून जाणाऱ्यांची हीच गाडी ठरलेली. डब्यात आजूबाजूला शाली, गुंडाळलेल्या चटया आणि थर्मास दिसायला लागले की समजायचं कोण कुठे चाललंय. कुर्डुवाडी सुटेपर्यंत बोलणं एकाच विषयावर, झाकीरभाई, तबल्याचे झाकीर हुसेन. रविवारी 15 तारखेला गेले आणि बुधवारी सवाई सुरू. वर्षाची सुरुवातही अशीच झालेली, 9 जानेवारीला गायक राशीद खान गेले आणि त्यानंतर चारच दिवसांनी गायिका प्रभाताई अत्रे. समोरच्या सीटवरचे एक काका म्हणाले, यंदा मांडवात बसलो की स्टेजवर कोण आहे यापेक्षा कोण नाही हेच जास्त डोक्यात येणार. खरंच होतं ते.

पुणे स्टेशनला उतरून मेट्रो घेतली. जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची आणि थेट स्वारगेट, सप्टेंबरअखेर हा तुकडा सुरू झाल्यापासून मुकुंदनगर एकदम हाताशी आलंय. ते जिल्हा न्यायालयाचं भुयारी स्टेशन 33 मीटर खोल आहे, सरकते जिने उतरतोय उतरतोय तरी संपतच नाहीत, हातात चटणी-भाकरीची पिशवी, खांद्यावर बॅग आणि काखेत चटई असा माझा अवतार बघून एका पोरीनं स्वतःहून पिशवी धरली. पुण्यात असं होतं बरं का कधीकधी. मावशी सहकारनगरला राहते, स्वारगेटवरून रिक्षा केली, रिक्षावाल्याशी नेहमीचं झालं, सोडा.

जेवून मी, मावशी आणि काका चालतच मुकुंदनगरला गेलो. महाराष्ट्रीय मंडळाच्या कटारिया हायस्कूलचं मैदान. गेट उघडायच्या बऱ्याच आधी रांग कोपऱ्यावरून वळलेली, आषाढीला पंढरपुरात दर्शनबारी असते ना, तसंच, फक्त इथे लोकांच्या डोक्यावर तुळस नाही आणि तोंडात अभंगाऐवजी पार्किंगच्या तक्रारी. आमचा पास भारतीय बैठकीचा. म्हणजे खाली सतरंज्या, आपली चटई आपण घालायची आणि पाठ टेकायला काही मिळालं तर नशीब. पुढे सोफे, बाजूनं खुर्च्या, पण सवाईचा खरा माणूस बैठकीतच भेटतो असं काका म्हणतात, आणि दर तासाला उठून गुडघे चोळतात.

पहिल्या दिवशी सुरुवात मंगलवाद्यानं होते, सनईनं. आमच्या सोलापूरला सुंदरी नावाचं सनईचंच छोटं भावंड आहे, जाधव घराण्यानं ते जपलंय, त्यामुळे सनई लागली की मी जरा जास्तच कान देऊन बसते. कोण कधी काय गायलं ते मी लिहीत बसणार नाहीये, पेपरात रोज सविस्तर येतंच. मला लिहायचंय ते या मांडवाबद्दल. एवढा मोठा मांडव, दोन्ही बाजूंना मोठ्या स्क्रीन, लांब मागे बसलेल्यालाही तंबोऱ्याची तार वेगळी ऐकू येईल अशी साउंड सिस्टीम, हजारो माणसं. आणि हे सगळं सुरू कसं झालं तर एका शिष्यानं गुरूच्या पुण्यतिथीला गाणं ठेवलं म्हणून.

रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, 12 सप्टेंबर 1952 ला पुण्यातच गेले. अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य, किराणा घराणं, संगीत नाटकांतही खूप नाव कमावलेलं. पुढच्याच वर्षी, 1953 ला, भीमसेन जोशींनी त्यांच्या स्मृतीत हा उत्सव सुरू केला. तेव्हा भीमसेनजी स्वतः एकतिसाचे. पुण्याला महापालिका होऊन जेमतेम तीन वर्षं झालेली, आकाशवाणीचं पुणे केंद्र त्याच 1953 च्या ऑक्टोबरात सुरू झालं. म्हणजे आजच्या मानानं गावच ते, पेठा आणि कॅम्प आणि मधे नदी. गुरुभगिनी गंगूबाई हनगल, गुरुबंधू फिरोज दस्तूर, घरचंच कार्य होतं म्हणा ना. आज जो 70 वा महोत्सव म्हणतात तो मोजला तर 72 व्या वर्षी आलाय, कारण कोरोनात 2020 आणि 2021 असे दोन डिसेंबर रिकामे गेले.

रात्री दहाला सगळं बंद. दहा म्हणजे दहा. आम्ही साडेदहाला घरी, मावशीनं पिठलं टाकलं.

गुरुवार

दुपारपर्यंत वेळ होता, म्हणून काकांना म्हटलं मला जुनी ठिकाणं दाखवा. काकांचं वय आता अठ्ठ्याहत्तर, बँकेतून रिटायर होऊनही जमाना झाला, पण हा विषय काढला की माणूस शर्टाला इस्त्री करून तयार. मेट्रोनं मंडईला उतरलो आणि तिथून चालत बाजीराव रोडनं रेणुका स्वरूप शाळेपाशी. गेटच्या बाहेरच उभे राहिलो, शाळा चालू होती, मुली मधल्या सुट्टीत ओरडत होत्या. काका हातवारे करून सांगायला लागले, स्टेज तिकडे, आम्ही इकडे, चहावाला त्या कोपऱ्यात.

त्यांच्या तरुणपणी सवाई म्हणजे तीन रात्री. संध्याकाळी जेवून निघायचं ते घोंगडी, मफलर, माकडटोपी घेऊन, आणि सकाळी उजाडल्यावर घरी. तिसऱ्या रात्रीनंतरची सकाळ सगळ्यात महत्त्वाची, शेवटच्या सत्रात गंगूबाई, दस्तूर आणि सगळ्यात शेवटी भीमसेनजी. काका आणि त्यांचे मित्र पाळीपाळीनं झोपायचे, एकानं जागं राहायचं आणि बाकीच्यांना चांगलं काही आलं की उठवायचं, त्यात चांगलं म्हणजे काय यावरून भांडणं. सकाळी तसंच बँकेत. मॅनेजरही रात्रभर तिथेच असायचा, त्यामुळे कोण कोणाला बोलणार! (मावशीचं म्हणणं वेगळं आहे, ते पुढे येईल.)

मग तिथून लक्ष्मी रोड ओलांडून अप्पा बळवंत चौकातून रमणबागेत. न्यू इंग्लिश स्कूल, टिळक-आगरकर-चिपळूणकरांनी 1880 ला काढलेली शाळा. रेणुका स्वरूपचं मैदान पुरेना तेव्हा सवाई इथे आला आणि 2017 पर्यंत इथेच होता. माझा पहिला सवाई रमणबागेतलाच, त्यामुळे मला ही जागा जास्त जवळची. शनिवार-नारायण पेठेतली ती अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंनी स्कूटर, गेटबाहेर पुस्तकांचे आणि सीडींचे स्टॉल, बाहेर पडलं की पाच मिनिटांत कुठेतरी मिसळ किंवा थालीपीठ. पेठेतली म्हातारी माणसं घरून चालत यायची, मध्येच घरी जाऊन औषध घेऊन परत यायची. आणि मांडवात जागा नसलेले लोक बाहेर रस्त्यावर उभे राहून ऐकायचे, फुकट, तेही पुणेकरच!

2018 ला मुकुंदनगरला गेल्यावर केवढी कुरकुर झाली होती. लांब पडतं, पेठेबाहेर सवाई म्हणजे काय, वगैरे. पण एक गोष्ट आहे, पेठेत एवढ्या माणसांच्या गाड्या लावायच्या कुठे हे कुरकुर करणाऱ्यांनीही कधी सांगितलं नाही. सवाई ऐकणारा माणूसच आता कोथरूड, औंध, पिंपरी, हडपसरला राहायला गेलाय, आणि आमच्यासारखे बाहेरगावचे आहेतच. गाव पसरलं तसा उत्सव पेठेतून बाहेर सरकला, त्यात कोणाचा काय दोष.

काका मात्र रमणबागेच्या गेटपाशी म्हणाले, "जागा बदलली त्याचं मला काही नाही गं. रात्र गेली त्याचं वाईट वाटतं."

संध्याकाळचं सत्र नेहमीसारखं. कॉफी चांगली होती, वडा गार होता.

शुक्रवार

सकाळी शिवाजीनगरला सवाई गंधर्व स्मारकात. ज्यांना फक्त मुख्य मांडव माहितेय त्यांनी इथे एकदा तरी जावं, राहुल थिएटरजवळ आहे, शिवाजीनगर मेट्रोला उतरून जाता येतं. महोत्सवाच्या दिवसांत सकाळी इथे 'षड्ज' म्हणून संगीतावरचे माहितीपट दाखवतात आणि 'अंतरंग'मध्ये कलाकारांशी गप्पा असतात. छोटा हॉल, मोजकी माणसं, बोलणारा माणूस दहा फुटांवर. मांडवात जो कलाकार स्क्रीनवर बघायचा तो इथे समोर खुर्चीत बसून आपल्या गुरूनं कसं झापलं ते सांगतो.

तिथे शेजारी एक मुलगी बसली होती, इंजिनिअरिंगला आहे, चार वर्षं गाणं शिकतेय, मोबाईलमध्ये तंबोऱ्याचं ॲप. तिला मी सहज विचारलं की तू पहाटेचा ललत राग समोर बसून कधी ऐकलास का. म्हणाली, यूट्यूबवर खूप, समोर एकदाच, दिवाळी पहाटला. मग आमचं जे बोलणं झालं ते अख्ख्या ट्रिपमध्ये मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून नीट लिहिते.

रागांना वेळ असते हे सगळ्यांना माहितेय. पूर्वीचा सवाई रात्री सुरू होऊन सकाळी संपायचा, म्हणजे यमन-बिहागपासून बागेश्री, मालकंस, दरबारी करत करत पहाटेचा ललत, भटियार आणि मग उजाडल्यावर तोडी, अशी अख्खी रात्र रागांच्या हिशेबानं जायची. आता दुपारी सुरू होऊन दहाला संपतो. म्हणजे काय मिळतं? भीमपलास, मुलतानी, पटदीप, मधुवंती, मग सूर्यास्ताचे मारवा, पूरिया, श्री, मग यमन, आणि शेवटच्या कलाकाराला बागेश्री किंवा फार तर चंद्रकंस, तोही एक डोळा घड्याळावर ठेवून. दुपारचे राग पूर्वी मैफलीत फार कमी यायचे, ते आता मनसोक्त ऐकायला मिळतात, हा फायदाच. पण पहाटेचे राग या मांडवातून जवळपास हद्दपार झाले. त्या मुलीच्या पिढीला दुपारचा मुलतानी हजारो माणसांत बसून ऐकायला मिळतो आणि पहाटेचा ललत हेडफोनमध्ये. काकांच्या पिढीचं बरोबर उलटं होतं.

हे कशानं झालं? 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आणि 2005 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस राज्य सरकार रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं, आणि ते 15 दिवस गणपती, नवरात्र वगैरेंमध्ये वाटले जातात, त्यातला एखादा आपल्या वाट्याला. म्हणून शनिवारी बारापर्यंत चालतं. काकांचा यावर फार राग. डीजेसाठी केलेला कायदा तंबोऱ्याला लावला म्हणतात. पण मला ते पटत नाही. मांडवाच्या शंभर फुटांवर बिल्डिंगी आहेत, कोणाची दहावी असते, कोणी आजारी असतं, त्यांनी भर रात्री तीन वाजता द्रुत तराणा का ऐकायचा? सूर कितीही शुद्ध असला तरी झोप ती झोप.

आणि खरी गोम इथे आहे. नियमात बंद सभागृहाला मोकळीक आहे, आतला आवाज आतच राहत असेल तर रात्रभर गा. म्हणजे सवाई जर शे-पाचशे माणसांचाच राहिला असता तर आजही एखाद्या हॉलमध्ये पहाटेपर्यंत निवांत चालू शकला असता! तो वाढला म्हणून त्याला मैदान लागलं, आणि मैदान लागलं म्हणून रात्र गेली. ती मुलगी म्हणाली, "मग एक पहाट हॉलमध्ये ठेवायची ना, लॉटरीनं पास द्यायचे." मला आयडिया आवडली, काकांना सांगितली, त्यांना लॉटरी शब्दच आवडला नाही.

शनिवार

आज बारापर्यंत, म्हणून आज गर्दीचा कहर. आम्ही लवकर जाऊनही मागे खांबाजवळ जागा मिळाली, काकांना टेकायला खांब मिळाला म्हणून ते खूश. शेजारी नगरहून आलेलं एक कुटुंब, त्यांनी लाडू दिले, आम्ही शेंगाचटणी दिली, ती दोन रांगा पुढेपर्यंत फिरली आणि डबा रिकामाच परत आला.

मधल्या वेळात फोटोंच्या प्रदर्शनापाशी गेलो. सतीश पाकणीकरांनी गायक-वादकांचे टिपलेले फोटो ज्यांनी बघितलेत त्यांना कळेल मी काय म्हणतेय, गाताना माणसाचा चेहरा कुठल्या कुठे जातो. मल्लिकार्जुन मन्सूर, कुमारजी, किशोरीताई, जसराजजी, शिवकुमारजी, बिरजू महाराज, अशी नावं आठवत गेलं तर या उत्सवात येऊन गेलेल्यांची यादी संपत नाही. आणि हेच मला भीमसेनजींचं सगळ्यात मोठं काम वाटतं. गुरूच्या नावानं उत्सव करायचा तर आपल्याच घराण्याची माणसं आलटूनपालटून गायली असती, तरी कोणी काही म्हटलं नसतं, अशा पुण्यतिथ्या गावोगाव होतात आणि दहा वर्षांत शिष्यांच्या घरापुरत्या उरतात. यांनी सगळ्या घराण्यांना दार उघडलं. वादक आले, नृत्य आलं, दक्षिणेकडचे आले. स्वतः एवढे मोठे गवई असून आपण शेवटी गायचं आणि आधी सगळ्यांना गाऊ द्यायचं. मोठमोठे कलाकार आले ते भीमसेनजींच्या शब्दाखातर, आणि नवीन पोरांना एवढी मोठी गर्दी मिळाली ती त्या मोठ्यांमुळे. सवाईत गायला मिळालं म्हणजे झालं, असं तरुण गायकांना वाटायला लागलं ते तेव्हापासून.

आता मावशीचं. काका रात्रीच्या आठवणी काढत होते तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "तू ह्यांचं ऐकतेस, पण त्या तीन रात्री मी कुठे होते ते विचार." घरी. दोन लहान पोरं, सासूबाई, सकाळचं दूध. रात्रभर बायकांनी बाहेर बसायला घरातून हो म्हणणारे तेव्हाही होते, पण कमी. रेडिओवर जे काही लागेल ते ऐकायचं. तिनं भीमसेनजींना सवाईत पहिल्यांदा ऐकलं ते मुलं मोठी झाल्यावर. दहाला संपायला लागल्यापासून मात्र ती एकही वर्ष चुकवत नाही, तिच्या भिशीतल्या सहा जणी पास काढतात. मी मांडवात नजर फिरवली तर खरंच, बायका पुरुषांपेक्षा कमी नव्हत्याच, आणि कितीतरी जणी एकट्या आलेल्या. काकांनी यावर काही उत्तर दिलं नाही, थर्मासमधला चहा आधी तिला दिला.

साडेअकराच्या पुढे थंडी बोचायला लागली. सगळ्यांच्या शाली डोक्यावरून. रात्रीचे राग थंडीत ऐकायची जी काय मजा होती म्हणतात तिची थोडीशी चव या शनिवारी मिळते, तेवढ्यासाठी तरी शनिवार सोडू नये. बारा वाजायला आले तशी तबल्याची लय चढत गेली आणि संपल्यावर लोक उठेचनात, मग शेवटी लाइट लावले.

परत जायला रिक्षा मिळेना. मेट्रो केव्हाच बंद. तीन रिक्षावाल्यांनी नुसतं बघितलं आणि गेले. चालत गेलो, काका सगळ्यात पुढे.

रविवार

दुपारी बारालाच सुरू, त्यामुळे सारंगाच्या, म्हणजे दुपारच्या रागाच्या, वेळेपासून बैठक. जेवणाचे डबे तिथेच उघडले. उन्हात मांडव तापतो, शाली आता डोक्याखाली.

शेवटच्या दिवशी एक जागा रिकामी होती. भीमसेनजी थकल्यावर महोत्सवाची सांगता प्रभाताईंकडे आली होती आणि कित्येक वर्षं ती तशीच चालली. भीमसेनजी जानेवारी 2011 ला गेले, त्यानंतर महोत्सवाच्या नावात सवाई गंधर्वांच्या शेजारी त्यांचंही नाव आलं. गुरूच्या नावाचा उत्सव गुरु-शिष्य दोघांच्या नावाचा झाला. आता त्यांचा मुलगा श्रीनिवास जोशी आणि महोत्सव भरवणारं आर्य संगीत प्रसारक मंडळ ते पुढे चालवतायत. 2008 ला दस्तूर, 2009 ला गंगूबाई, मग भीमसेनजी, आणि आता प्रभाताई. म्हणजे सुरुवातीच्या घरच्या माणसांतलं कोणी उरलं नाही आणि नंतर ज्यांनी समारोप सांभाळला त्याही नाहीत. एखादा उत्सव असा एका माणसाच्या शब्दावर उभा असला की तो माणूस गेल्यावर काय होतं ते आपण खूप ठिकाणी बघतो. इथे तसं झालं नाही याचं श्रेय मी तरी निम्मं बैठकीतल्या लोकांना देईन. भीमसेनजी गायचे तेव्हा जे भीमसेनजींसाठी यायचे, ते आता सवाईसाठी येतात, कोण गाणार आहे ते न बघता आधी पास काढतात आणि मग यादी वाचतात.

दहाच्या आत भैरवी झाली, सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लागली, ती खरखर, तो पातळ रेकॉर्डचा आवाज एवढ्या मोठ्या आधुनिक साउंड सिस्टीममधून येतो. लोक उभे राहून ऐकतात. मग एकदम कलकल, चपला शोधणं, चटया गुंडाळणं, पुढच्या वर्षी भेटूच.

बाहेर पडताना काकांनी नवीनच विषय काढला. सवाई गंधर्वांच्या कुंदगोळलाही त्यांच्या नावानं संगीतोत्सव होतो, नाडगीरांच्या वाड्यात, जिथे भीमसेनजी गुरूकडे शिकायला राहिले तेच गाव, धारवाड जिल्ह्यात. "तिथे म्हणे अजून रात्र रात्र चालतं. वाड्यातच मावतील एवढी माणसं." सोलापूरहून हुबळीला गाडी आहे, हुबळीहून कुंदगोळ जवळ. मावशीनं विचारलं बसायला खुर्च्या असतात का. काका म्हणाले, वाड्यात कसल्या खुर्च्या. मग ती म्हणाली की ह्या वेळी रात्रभर मी बसणार आणि झोपायची पाळी पहिली तुमची. मी सोमवारी सकाळी घरी येऊन पहिलं काम केलं ते हुबळीच्या गाड्यांचं टाइमटेबल बघितलं.